पाणी घालू नये

आमच्या वन्संना जिचा राग येणार नाही अशी वस्तू देवाने अजून घडवलेली नाही, आणि चुकून घडवली असेल तर त्याने ती प्रभादेवीच्या बाहेर कुठेतरी लपवून ठेवलेली आहे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. बघायला आलेल्यांपैकी एकालाही आवाज न करता चहा पिता येत नव्हता, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं कारण. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसल्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी कचेरीने शाल आणि नारळ दिला. शाल तिथेच परत केली. "मे महिन्यात मुंबईत शाल? डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?" नारळ तेवढा घरी आणला आणि माझ्यापुढे आपटून म्हणाल्या, "घे, तोही नासका निघेल." निघाला नाही, त्याचाही त्यांना दोन दिवस राग होता.

मी ह्या घरात सून म्हणून आले त्याला एकतीस वर्षं झाली. पहिल्याच संध्याकाळी त्या कचेरीतून दमून आल्या तेव्हा मी, आईने शिकवून पाठवल्याप्रमाणे, पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन पुढे झाले. वन्संनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "नीता, मला हात आहेत. माझं मी घेईन." आणि घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणी कधी मागितलं नाही. जेवण जेवतील, नावं ठेवत जेवतील, पण पाण्याला उठून स्वतः जातील. एकशे दोन ताप होता तेव्हासुद्धा भिंत धरत धरत माठापर्यंत गेल्या होत्या आणि मी मध्ये आले म्हणून मला ढकललं होतं. मदत हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. एकदा दादरहून बसने येताना कॉलेजातल्या एका मुलीने उठून "आजी, बसा" म्हटलं. वन्सं बसल्या नाहीत. पुढच्या स्टॉपला उतरल्या आणि भर दुपारी चालत घरी आल्या. मंगळवारी देवळाची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येते आणि माणसं बिचारी विचारतात, "मावशी, दर्शनाची लाइन हीच का?" त्यावर वन्संचं उत्तर ठरलेलं. "लाइन हीच. दर्शनाचं तुमचं तुम्ही बघा."

आता मीही काही गरीब गाय नाही. माझं माहेर लालबागचं, मूळ आम्ही मालवणकडचे, आणि आमच्याकडे बायका भांडताना चूल विझेल पण तोंड थांबायचं नाही. एकतीस वर्षांत मी वन्संशी पुष्कळ भांडले आहे. पण त्यांच्या त्या झाडापायी आला, तसा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. अजून येतो. लिहिता लिहितासुद्धा येतो आहे.

माझी मुलगी ऋजुता शिकायला स्कॉटलंडला गेली तेव्हा तिने आत्याला महिनाभर बोलावलं. आत्या गेली. रोज फोनवर ऋजुता मला तक्रारींची यादी वाचून दाखवायची. तिथला सूर्य नुसता हजेरी लावतो, काम करत नाही. तिथली माणसं कारण नसताना सॉरी म्हणतात. मग एक दिवस तिचा फोन आला तो कुजबुजत. "आई, आत्या खूश आहे गं. मला भीती वाटतेय." झालं होतं असं की दोघी समुद्रावर गेल्या होत्या, आणि तिथे कोरड्या वाळूत, जिथे गवताची काडी धड उभी नव्हती, तिथे एक काटेरी झाड वाऱ्याला छाती देऊन उभं होतं. पानं राखाडी, चिवट, कडेने काटेच काटे. वर करवंदाएवढं बोंड, त्याच्याभोवती काट्यांची कॉलर, आणि ते सगळं, बोंड, कॉलर, देठसुद्धा, निळं. वन्संनी हात लावला, काटा घुसला, रक्त आलं. बोट चोखत त्या म्हणाल्या, "हे एक इथे माणसासारखं वागतंय."

वर्षभराने ऋजुताने त्याच्या बियांचं एक पाकीट पाठवलं. आमच्या घराचा ताबा त्या दिवशी त्या पाकिटाने घेतला. ह्या बियांना म्हणे आधी थंडी दाखवावी लागते, तरच त्या रुजतात. मुंबईत थंडी कुठून आणणार? फ्रिजमधून. स्टीलच्या डबीत जेमतेम ओलसर वाळू, वाळूत बिया, आणि ती डबी कोथिंबिरीच्या शेजारी सहा आठवडे. फ्रिजचं दार जास्त वेळ उघडं राहिलं की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "नीता, आत राहायला जातेस का?" एकदा शेखरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती डबी शेंगदाण्याच्या चटणीची समजून भाकरीवर उपडी केली. वाळू दाताखाली कचकचली तरी बिचाऱ्याने आधी घास गिळला आणि मगच माझ्याकडे बघितलं, कारण चटणी मी केली होती. वन्संनी त्याच्या ताटातून एकेक बी चिमट्याने वेचून काढली. पाच कमी भरल्या. पुढे कित्येक महिने त्या भावाकडे बघायच्या ते त्या पाच बिया शोधत असल्यासारख्या.

गच्चीवर, जिथे दिवसभर ऊन तापतं त्या कोपऱ्यात, त्यांनी एक मोठा प्लॅस्टिकचा ड्रम ठेवला. शेजारची इमारत पाडली होती, तिथल्या विटांचे तुकडे खाली, वर रेती, वर खडी. शेणखत नाही, माती नावाला. मी विचारलं, "वन्सं, खायचं काय त्याने?" "काही नाही. त्याला उपाशी ठेवायचं. लाड केले की कुजतं." एकच रोप तगलं. त्याचं मूळ म्हणे सरळ खाली जातं, हातभर, आणि एकदा गेलं की त्या झाडाला हलवता येत नाही. हलवलं की मेलं.

पण आमच्या इमारतीत झाडाला उपाशी ठेवणं म्हणजे काय पाप! आमच्याकडे घरातली उरलेली माया सगळी कुंडीत ओतायची पद्धत आहे. तांदळाचं धुवण गुलाबाला, आंबट ताक कढीपत्त्याला, चहाचा चोथा मोगऱ्याला, मासे धुतलेलं पाणी ज्याच्या नशिबी येईल त्याला. वन्संचं ते सुकं, रागीट रोप बघून सगळ्यांचा जीव कळवळला. जो तो गच्चीवर कपडे वाळत घालायला म्हणून जायचा आणि काहीतरी ओतून यायचा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर देवाचं निर्माल्य त्याच्या बुंध्याशी ठेवलं. वन्संनी ती सगळी फुलं वेचली, खाली गेल्या, काकूंच्या उंबऱ्यावर रांगोळीसारखी मांडून ठेवली आणि बेल वाजवून वर आल्या. मग पाटी लावली: पाणी घालू नये. घालणाऱ्याशी मी बोलणार नाही. शेखर म्हणाला, "ताई, दुसरं वाक्य खोड. त्या आशेने लोक बादल्या ओततील." पावसाळ्यात त्यावर पत्र्याचं छप्पर चढायचं, आणि वन्सं स्वतः भिजत ते धड आहे ना हे बघायला दिवसातून चारदा वर जायच्या. मी छत्री घेऊन मागे गेले की ओरडायच्या, "मला कशाला? त्याच्यावर धर!"

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारी संपताना, मधून एक देठ वर आला आणि त्याच्या टोकाला हिरवं बोंड धरलं. त्याच महिन्यात इमारतीच्या पुनर्विकासाचं पक्कं झालं. पावसाळ्याच्या आत सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. सह्या झाल्या. वन्संनीही केली. पण सगळ्यांसमोर म्हणाल्या, "फूल निळं होईल, त्याचं बी धरेल, ते मी काढून घेईन आणि मग उतरेन. तोपर्यंत मला कुणी हलवायचं नाही." कुणीतरी हसलं. वन्संनी फक्त बघितलं, आणि हसणाऱ्याने चष्मा पुसायला घेतला. मला मात्र कळलं होतं. झाड नेता येणार नव्हतं. बी नेता येणार होतं. ते एक बोंड पिकलं तर नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येणार होतं, नाहीतर संपलं.

मार्चच्या मध्यावर, वरून तपासणी करून उतरताना, त्या गच्चीच्या जिन्यात पडल्या. खुबा मोडला. चौघांनी स्ट्रेचर धरलं होतं, वेदनेने तोंड पांढरं पडलं होतं, आणि त्या अवस्थेत त्यांनी माझं मनगट पकडलं. "नीता. वर काही करायचं नाही. कळलं? काही म्हणजे काही नाही." एकतीस वर्षांत ह्या बाईने मला सांगितलेलं हे पहिलं काम. आणि काम काय, तर काही न करणं! दुसरं काहीही सांगितलं असतं. रोज बोंडाची आरती कर म्हणाल्या असत्या तरी केली असती. पण माझ्या आईच्या घरी कुंडीतल्या शेवटच्या रोपाला पाणी मिळाल्याशिवाय कुणाला चहा मिळत नव्हता. माझा हात सकाळी उठल्यावर आपोआप तांब्याकडे जातो. असल्या बाईला पाणी न घालण्याच्या कामावर ठेवायचं, हे मांजराला दुधाची राखण सांगण्यापैकीच.

तरी मी नेटाने सांभाळलं. रोज वर जायची, हात मागे बांधून उभी राहायची, खाली यायची. हॉस्पिटलात वन्सं विचारायच्या, "काही केलं नाहीस ना?" मी म्हणायची, "काही नाही." शेजारच्या पेशंटच्या मुलीला वाटलं मी अगदीच निकामी सून आहे. तिकडे बोंडाच्या एका बाजूला खरोखरच निळी झाक आली होती. पण खालची दोन पानं पिवळी पडून वाळली होती, आणि ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता. दहाव्या दिवशी आमची कोळीण मावशी माशांची पाटी घेऊन दारात आली. वरळीच्या कोळीवाड्यातून येते, जन्म खाडीच्या कडेला गेलेला. मी तिला म्हटलं, मावशी, जरा वर येऊन एक झाड बघ. तिने ड्रमभोवती एक फेरी मारली आणि हसायलाच लागली.

"अगो बाय, ही तं मारांडी! आमचे खाडीला चिखलात लय हाय. अशीच काटेरी पानं, असंच निळं फूल. तिला सुकी ठेवलीस? रोज भरतीचं पाणी लागतं तिला. मरंल ना ती!"

"पण वन्सं म्हणाल्या पाणी नको."

"तुझी वन्सं कचेरीत होती का खाडीत?"

"मिठाचं पाणी दे," मावशी म्हणाली. "मासं धुतलेलं असंल तं अजून बेस." आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं! कुणीतरी जाणत्या माणसाने परवानगी दिली होती. चार दिवस मी रोज सकाळी बोंबील धुतलेलं पाणी, त्यात मूठभर मीठ, असा तांब्या-तांब्या त्या ड्रमात ओतला. गच्चीवर कावळ्यांची सभा भरली, दोन मांजरी मुक्कामाला आल्या, कपडे वाळत घालणाऱ्यांनी नाकं मुरडली. मी मनात म्हणत होते, वन्सं येतील, टवटवीत झाड बघतील, आणि एकदातरी कबूल करतील की नीतालाही काही कळतं. चौथ्या दिवशी देठ एका बाजूला कलला. मी सरळ करायला गेले तर बुंधा हाताला मऊ लागला. काळा, मऊ, आणि वास येणारा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी तिथेच तापलेल्या लादीवर बसले आणि रागाने रडले. स्वतःचा राग, मावशीचा राग. दुसऱ्या दिवशी मावशीला फैलावर घेतलं तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "मंग ती मारांडी नव्हती गो!" जसं काही झाडानेच तिला फसवलं होतं. पण सगळ्यात जास्त राग वन्संचा. जगातली सगळी झाडं पाण्यावर जगतात. ह्या बाईला पाण्यावर न जगणारं झाड आवडावं! आणि बाकी सगळी माणसं सोडून तिने ते माझ्या गळ्यात घालावं!

त्याच दिवशी संध्याकाळी वन्संना घरी आणलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौघांनी खुर्चीत बसवून दोन मजले उचलून आणलं. मला वाटलं होतं, चौघांची धडगत नाही. पण त्या गप्प बसून आल्या, आणि वर आल्यावर चौघांना "त्रास झाला तुम्हांला" म्हणाल्या. कॉटवर टेकल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी दोन आठवडे घोकून ठेवलेलं "काही नाही" बाहेर पडेना.

"वन्सं, मी पाणी घातलं."

"किती दिवस?"

"चार. मासे धुतलेलं. मीठ घालून." आता सांगायचं तर पुरतंच सांगावं. "कुजलं ते."

मी डोळे मिटून उभी राहिले. खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत ऐकू जाईल असं काहीतरी येणार होतं, आणि ते मला हवं होतं. माझी ती कमाई होती.

"म्हणजे दहा दिवस नाही घातलंस," वन्सं म्हणाल्या. "मी दोन दिवस धरले होते. तुझ्या मानाने पुष्कळ झाले गं."

बस्स. एवढंच. मग बोंड कापून आणायला सांगितलं. मी आणलं. एक बाजू निळी, एक हिरवी. त्यांनी चष्मा लावून, नखाने उकलून बघितलं. "बी भरलं नाही. फोल आहे." आणि उशाशी रिकाम्या पेल्यात उभं करून ठेवलं. मी म्हटलं, ऋजुताला सांगते, दुसरं पाकीट पाठवेल. "नको," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं लागतात त्याला." ह्यात रागाचा एक कणही नव्हता. आणि मग, एकतीस वर्षांनी, "नीता, जरा पाणी देतेस का?"

मी दिलं. स्वयंपाकघरात परत येऊन तांब्या इतक्या जोरात आपटला की त्याला पोचा आला. कसली ही शिक्षा! मला शिव्या दे, आठ दिवस बोलू नकोस, भावाला सांग की ही बाई घरातून काढ. पण पाणी काय मागतेस!

मे महिन्यात आम्ही नायगावला भाड्याच्या घरात आलो. लिफ्ट आहे, सातवा मजला आहे, खिडकीत दिवसभर ऊन आहे. वन्सं गॅलरीत खुर्चीवर बसायच्या. कुणी काही विचारलं की नीट उत्तर द्यायच्या. शेजारीण मला म्हणाली, "तुमच्या नणंदबाई किती शांत आहेत हो!" मला तिचा गळा धरावासा वाटला. भात कच्चा राहिला तरी त्या "चालेल" म्हणत. दिवसातून चार-पाचदा पाणी मागत, मी देत होते, आणि रोज माझा राग वाढत होता. शेवटी मी त्यांना न विचारता ऋजुताला फोन केला. पाकीट आलं. चुपचाप जुनी स्टीलची डबी काढली, वाळू भरली, ओलसर केली, बिया घातल्या आणि फ्रिजमध्ये अगदी मागे, लोणच्याच्या बरणीआड ठेवून दिली. उगवलं तर सांगू, नाहीतर कुणाला कळायचं कारण नाही.

परवा दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून एकदा "नीता, पाणी" ऐकू आलं. हातात ओली चादर होती. "आणते" म्हटलं आणि चादर पिळत राहिले. जरा उशीर झाला असेल. तेवढ्यात वॉकरची टकटक ऐकू आली, मग फ्रिजचं दार. दार बराच वेळ उघडंच. मी मनात म्हटलं, आत राहायला गेल्या की काय.

"नीता!"

मी चादर टाकून धावले. वन्सं एका हाताने वॉकर धरून उभ्या होत्या, दुसऱ्या हातात ती डबी. डबीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या साडीवर सांडत होतं.

"ही वाळू आहे की आमटी? ओलसर म्हणजे काय ते कळतं का तुला? बी काय पोहायला घातलंयस? एकतीस वर्षं झाली, ह्या बाईच्या हाताला काही वळण नाही! बघतेस काय, फडकं आण! आणि वाळू आण दुसरी. कोरडी. कोरडी म्हणजे कोरडी!"

मी फडकं आणायला वळले ते तोंड लपवायला. पूर्वी हा आवाज दोन मजले उतरून खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत गेला असता. आता तो जेमतेम स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचला आणि शेवटी शेवटी धापही लागली. वाळू आणते म्हणून मी पायात चपला घातल्या. मागून फ्रिजचं दार आपटल्याचा आवाज आला, मग पेल्यात पाणी ओतल्याचा. त्यांचं त्या घेत होत्या.